भात खाचरात तंबू लावण्यापूर्वी: अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी तंबू निवासाचे नियोजन

अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर, बारी, पाचनई या पट्ट्यात, पर्यटकांसाठी तंबू लावण्याचा व्यवसाय वाढला आहे. पूर्वी गडावर जाणारे तरुण पाठीवर छोटा तंबू घेऊन येत. आता खाट, गादी, दिवा, स्वतंत्र संडास-बाथरूम आणि गरम जेवण असलेला तंबू मागणारी कुटुंबे मुंबई, पुणे, नाशिकहून येतात. शहरात याला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात. उघड्यावर राहण्याची मजा हवी, पण घरच्यासारखी सोय हवी, असा त्याचा साधा अर्थ आहे.

या भागातील शेतकरी सध्या एकच प्रश्न विचारतात: “बाहेरचा माणूस जागा भाड्याने मागतोय. देऊ का? की स्वतःच चार तंबू लावू?” या लेखात या प्रश्नाचे उत्तर शेतीच्या बाजूने शोधायचे आहे. थोडक्यात सांगायचे तर तंबू हे जोडपीक आहे, मुख्य पीक नाही. ते वरकस किंवा पडीक जागेवर, स्वतःच्या मालकीने आणि भाताच्या वेळापत्रकाला धक्का न लावता घेतले तर फायद्याचे ठरते. भाताच्या खाचरावर घेतले तर दोन-तीन वर्षांचे भाडे मिळते, पण पिढ्यांनी घडवलेली जमीन बिघडते.

पर्यटक इथे का येतात?

महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच तालुक्यात, बारी गावाच्या माथ्यावर आहे. प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, साम्रदची सांदण दरी, हरिश्चंद्रगड आणि रंधा धबधबा ही ठिकाणे आता सगळ्यांना माहीत आहेत. यातील बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले.

मे अखेर ते जून या काळात काजवे पाहण्यासाठी सर्वात जास्त गर्दी होते. हे सगळे आकर्षण तुमच्या शेतामुळे, बांधावरच्या झाडांमुळे आणि जंगलामुळे आहे. तंबू कुठेही लावता येतो, पण सादड्याच्या झाडावर लुकलुकणारे काजवे आणि दारातली भाताची खाचरे दुसरीकडे नेता येत नाहीत. व्यवहाराला बसताना हे भांडवल तुमचे आहे, हे लक्षात ठेवावे.

खाचर म्हणजे नुसती मोकळी जागा नव्हे

डिसेंबरमध्ये भात निघाल्यावर खाचर सपाट, मोकळे आणि तंबूसाठी सोयीचे दिसते. जागा बघायला आलेला माणूस नेमके तेच मागतो. पण खाचर कसे तयार झाले आहे ते पाहा.

डोंगरउतारावर बांध घालून, वर्षानुवर्षे वाहून येणारी माती अडवून ही खाचरे झाली. दरवर्षी चिखलणी केल्यामुळे साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोलीवर मातीचा एक घट्ट थर तयार होतो. हा थर पाणी अडवतो, म्हणून भातात पाणी उभे राहते. त्याच्या वरची मऊ माती मुळांसाठी असते. वरचा थर मऊ आणि खालचा घट्ट, ही रचना भातासाठी लागते. तंबूच्या व्यवसायात नेमकी हीच रचना तीन प्रकारे मोडते.

१. खड्डे: खांब, संडास किंवा सिमेंटच्या ओट्यासाठी खोदलेले खड्डे घट्ट थर फोडतात. तेथून पाणी खाली झिरपत राहते.

२. मुरूम: गाड्या लावण्यासाठी टाकलेला मुरूम मातीत मिसळतो. नंतर तो वेचून काढता येत नाही.

३. ओल्या जमिनीवर गाड्या: जमीन कोरडी असताना चारचाकीने होणारे नुकसान कमी असते. वळवाच्या पावसानंतर तीच गाडी वरचा थरही दाबून टाकते. काजव्यांच्या हंगामात असेच होते.

काही हंगामांपूर्वी एका शेतकऱ्याने मला त्याचे खाचर पाहायला बोलावले. दोन वर्षे ते तंबूसाठी भाड्याने दिले होते. अर्ध्या भागात मुरूम आणि आठ खांबांचे खड्डे होते. ठेका संपला, तंबू गेले. जुलैत चिखलणी केली तर वरच्या अर्ध्या भागात पाणी उभे राहत होते आणि मुरमाच्या भागातून रात्रीत निघून जात होते. त्या भागात त्याला नागली लावावी लागली. घरच्या भातात जी तूट आली ती भाड्याच्या पैशातून भरून निघाली, पण खाचर अजून पूर्ववत झालेले नाही. करारात जागा पूर्ववत करून देण्याबद्दल एक ओळही नव्हती.

जमीन दबली आहे का, हे घरच्या घरी तपासा

- गजाची चाचणी: ८ मिलिमीटर जाडीचा लोखंडी गज ओलसर जमिनीत दोन्ही हातांनी सरळ दाबावा. तंबूच्या जागी पाच ठिकाणी आणि तंबू नसलेल्या जागी पाच ठिकाणी करून पाहावे. एकीकडे गज १५ सेंटिमीटरपर्यंत सहज जात असेल आणि दुसरीकडे ५ सेंटिमीटरवरच अडत असेल, तर वरचा थर दबला आहे.
- पाण्याची चाचणी: दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर रोवावा. त्यात एक लिटर पाणी ओतून ते जिरायला किती वेळ लागतो ते पाहावे. शेजारच्या चांगल्या जागेशी तुलना करावी.

दबलेल्या जमिनीवर उपाय: जमीन कोरडी असताना नांगरट करावी, ओली असताना करू नये. नांगर खालच्या घट्ट थरापर्यंत नेऊ नये. एकरी ४ ते ५ टन चांगले कुजलेले शेणखत द्यावे. पाऊस सुरू होताच ताग किंवा धैंचा पेरून चिखलणीच्या वेळी गाडावा, किंवा बांधावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलात तुडवावा. खड्डे बुजवताना खालच्या भागात चिकण माती थराथराने ओली करून ठोकावी आणि वर खाचरातील माती टाकावी.

मग तंबू कुठे लावावेत?

पाच तंबू, एक स्वयंपाकाची जागा, दोन संडास-बाथरूम आणि पायवाट यांना ३ ते ४ गुंठे जागा पुरते. त्यासाठी खाचर लागत नाही.

- घराजवळची पडीक किंवा वरकस जागा निवडावी. घर जवळ असेल तर बाई-माणसांची धावपळ कमी होते आणि पाहुण्यांवर लक्षही राहते.
- जागा ओढ्याच्या पात्रापासून आणि दरडीच्या पायथ्यापासून दूर असावी. एकट्या उंच झाडाखाली तंबू लावू नये. मे-जूनमध्ये विजा पडतात.
- सिमेंटचा ओटा टाळावा. दगडांच्या ठोकळ्यांवर लोखंडी किंवा बांबूची चौकट आणि त्यावर फळ्या, असा उचलता येणारा ओटा करावा. पावसाळ्यात तो आवरून ठेवता येतो.
- गाड्या रस्त्यालगतच्या कठीण जागेवर लावाव्यात. तेथून तंबूपर्यंत पाहुण्यांनी चालत यावे.
- धरणाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन जलसंपदा विभागाची असते. ती तुमच्या शेताला लागून असली तरी तिथे परस्पर तंबू लावू नयेत. अभयारण्याच्या हद्दीतही वनविभागाच्या परवानगीशिवाय तंबू लावू नयेत.

शेतीचे आणि तंबूचे वेळापत्रक एकत्र मांडा

तंबूच्या व्यवसायात अनेकांचा हिशेब पैशापेक्षा मनुष्यबळात चुकतो. खालील वेळापत्रक भिंतीवर लावावे.

डिसेंबर ते फेब्रुवारी: भात घरात आलेले असते, थंडी चांगली असते, पाणी उपलब्ध असते. तंबूसाठी हा सर्वात चांगला काळ आहे. खाचरात मात्र उरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, वाटाणा किंवा वाल घ्यावा. हिरवे शेत पाहुण्यांनाही आवडते आणि जमिनीला नत्र मिळते.

मार्च ते मेचा मध्य: घाटघर-रतनवाडी पट्ट्यात पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरीही उन्हाळ्यात अनेक वाड्यांवर पाण्याची ओढ असते. घरच्या विहिरीचे पाणी मेअखेरपर्यंत पुरेल याची खात्री असेल तरच बुकिंग घ्यावे. गावच्या पिण्याच्या पाण्यावर पाहुणे पोसू नयेत.

मे अखेर ते जून: काजव्यांचा हंगाम. याच वेळी भाताची रोपवाटिका टाकायची असते. घरातील कोण रोपवाटिकेकडे आणि कोण पाहुण्यांकडे पाहणार, हे मेच्या पहिल्या आठवड्यातच ठरवावे.

जुलै ते ऑगस्ट: आवणीचा काळ. धबधब्यांसाठी शनिवार-रविवारी गर्दी असते, तरी तंबू बंद ठेवावेत. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की आवणी झाली पाहिजे. पाहुण्यांसाठी आवणी दहा-बारा दिवस लांबली तर फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. शिवाय या पावसात आणि वाऱ्यात तंबू टिकत नाही. घरात एखादी खोली रिकामी असेल तर तीच पाहुण्यांना द्यावी.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगरावर सोनकी फुलते. भात निसवून दाणे भरत असतात. खाचरांच्या बांधांवरून पाहुण्यांना फिरवू नये. कापणी आणि झोडणी संपल्यावरच तंबू बाहेर काढावेत.

काजवे हेही तुमच्या शेताचे उत्पन्न आहे

उजेड पाडणारा काजवा थोडे दिवस जगतो. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या रूपात पालापाचोळ्याखाली आणि ओलसर मातीत जाते. ही अळी गोगलगायी आणि इतर मऊ शरीराचे लहान जीव खाते, म्हणजे शेतकऱ्याच्या कामाचीच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बाहेर पडतात आणि सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, उंबर अशा झाडांवर चमकतात. ही चमक म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण असते. कृत्रिम उजेडात ती खूण दिसत नाही, मिलन होत नाही आणि पुढच्या वर्षी काजवे कमी होतात.

म्हणून काजव्यांच्या हंगामात पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

- अंधार पडल्यापासून रात्री दहापर्यंत तंबूबाहेरचे दिवे बंद ठेवावेत. वाटेवर लागणारा दिवा जमिनीकडे वळवावा आणि त्यावर लाल कागद लावावा.
- मोबाइलचा फ्लॅश, गाडीचे मोठे दिवे, हॉर्न, स्पीकर आणि शेकोटी बंद ठेवावी.
- काजव्यांच्या झाडाखाली गाडी किंवा माणसांची गर्दी नेऊ नये. अळ्या, कोष आणि मादी काजवे जमिनीवरच असतात. ठरलेल्या वाटेवरूनच फिरवावे.
- बांधावरच्या झाडांवर आणि त्याखाली कीटकनाशक फवारू नये. तंबूभोवती डासांसाठी धूर करण्याऐवजी मच्छरदाणी द्यावी.
- वनविभाग या काळात वाहनांसाठी वेळेची बंधने घालतो. पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच ती सांगावीत.

यात शेतीशी थेट जोडलेला मुद्दा राबाचा आहे. रोपवाटिकेसाठी झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळा गोळा करून एप्रिल-मेमध्ये जमीन भाजण्याची पद्धत या भागात जुनी आहे. भाजल्यामुळे तणाचे बी मरते, हे खरे. पण ज्या झाडांवर काजवे येतात त्यांच्याच फांद्या तुटतात आणि ज्या पाचोळ्यात अळ्या राहतात तोच जळतो. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे तयार करावीत. एक मीटर रुंद आणि १० ते १५ सेंटिमीटर उंच वाफे करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. तणासाठी पहिल्या पावसानंतर उगवलेले तण खुरपून मग बी टाकावे. झाडे राहतात, रोपेही चांगली होतात आणि काजवेही टिकतात.

सांडपाणी: विहीर वाचवा

दोन माणसांचे पाच तंबू भरले तर दहा पाहुणे होतात. माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला १,००० लिटर पाणी लागते आणि त्यातील बहुतेक सांडपाणी म्हणून बाहेर पडते. आपल्या भागात काळ्या खडकाला भेगा असतात. भेगांतून घाण पाणी न गाळले जाता लांबवर जाते, म्हणून संडासाची जागा विचार करून निवडावी.

- संडास विहिरीच्या आणि झऱ्याच्या खालच्या अंगाला, निदान ३० मीटर दूर असावा. खडकाला भेगा दिसत असतील तर अंतर आणखी वाढवावे.
- दोन खड्ड्यांचा संडास करावा. दोन्ही खड्ड्यांत एक मीटर अंतर ठेवावे. एक भरला की दुसरा सुरू करावा. भरलेला खड्डा दीड ते दोन वर्षे बंद ठेवल्यावर त्याचे कोरडे खत होते. ते फळझाडांना द्यावे, भाजीपाल्याला देऊ नये.
- पावसाळ्यात जिथे भूजल अगदी वर येते, तिथे खड्ड्याचा तळ पाण्यात जातो. अशा जागी खड्डे उथळ घेऊन भोवती मातीचा भराव द्यावा किंवा बंद टाकीचा पर्याय घ्यावा.
- आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी आधी गाळाच्या छोट्या टाकीतून, मग दगड-गोट्यांच्या शोषखड्ड्यातून केळी, अळू, कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. ओढ्यात किंवा खाचरात सोडू नये.
- पिण्याच्या पाण्याची तपासणी हंगामाच्या सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत करून घ्यावी. पाहुणा आजारी पडला तर हंगामाचे नाव जाते, घरचा माणूस आजारी पडला तर आवणीही जाते.

प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटे गुरांच्या पोटात जातात. कचरा पाहुण्यांनी परत न्यावा, हा नियम बुकिंगच्या वेळीच सांगावा. फेब्रुवारी ते मे या काळात तंबूभोवती तीन मीटर रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवावा. वणवा थांबवायला तो उपयोगी पडतो.

हिशेब: भाडे, भात आणि स्वतःचे तंबू

खालील आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

भाड्याने दिल्यास: समजा एक एकर खाचरासाठी वर्षाला ४०,००० रुपये मिळतात. त्याच खाचरात एकरी १५ क्विंटल भात झाला आणि तो २०२४-२५ च्या हंगामातील २,३०० रुपये हमीभावाने विकला, तर ३४,५०० रुपये येतात. त्यातून खर्च वजा जातो. कागदावर भाडे जास्त दिसते, आणि इथेच सही होते. पण या हिशेबात घरचे वर्षाचे तांदूळ, गुरांचा पेंढा, रब्बीचा वाल-हरभरा आणि जमिनीची झीज धरलेली नाही.

तोच भात पाहुण्यांना विकल्यास: १५ क्विंटल भातापासून ६५ टक्के उताऱ्याने सुमारे पावणेदहा क्विंटल तांदूळ मिळतो. समजा किलोला ६० रुपये दर मिळाला, तर सुमारे ५८,५०० रुपये होतात. भरडाई आणि पिशव्यांचा खर्च त्यातून जाईल. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ शहरी गिऱ्हाइकाला माहीत आहे, आणि काळभातासारखे आपले जुने वाण चाखल्यावर तो पुन्हा मागवतो. जेवणाच्या ताटात जो भात वाढला तोच पिशवीत भरून द्यावा. वर्षभराचे गिऱ्हाईक असेच तयार होते.

स्वतःचे पाच तंबू, पडीक जागेवर:

- तंबू, खाटा, गाद्या, सौरदिवे, दोन संडास-बाथरूम मिळून गुंतवणूक: समजा ३,००,००० रुपये.
- सामान चार वर्षे टिकेल असे धरल्यास वर्षाची झीज: ७५,००० रुपये.
- दोघांच्या एका रात्रीचे जेवणासह दर: २,५०० रुपये.
- बुकिंग करून देणाऱ्याचा वाटा २० टक्के: ५०० रुपये.
- जेवण, इंधन, धुलाई, मदतनीस: १,१०० रुपये.
- हातात उरणारी रक्कम: ९०० रुपये.

७५,००० भागिले ९०० म्हणजे साधारण ८४. एवढे तंबू एकेका रात्रीसाठी गेल्यावर फक्त झीज भरून निघते. पाच तंबूंच्या हिशेबाने या १७ भरलेल्या रात्री झाल्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत शनिवार साधारण १३ येतात. ते सगळे भरले तरी ६५ च होतात. म्हणजे शुक्रवार किंवा काजव्यांचा हंगाम मिळाल्याशिवाय नफा सुरू होत नाही. यात कर्जाचे व्याज आणि घरच्या माणसांची मजुरी धरलेली नाही. म्हणून पहिल्या वर्षी दोन तंबूंपासून सुरुवात करावी. ओळखीतून येणारे पाहुणे वाढले की बुकिंगचे ५०० रुपयेही तुमच्याकडेच राहतात.

सही करण्यापूर्वी कायदा पाहा

या पट्ट्यातील अनेक खातेदार महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. इतर बाबतीत राज्य शासनाची पूर्वमान्यताही लागते. मुद्रांकावर लिहून नोटरी केली म्हणजे ही परवानगी मिळाली असे होत नाही. ‘भाडे नाही, नुसता करार आहे’ असे कोणी म्हटले तरी तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय सही करू नये. अनुसूचित क्षेत्रातील गावांत ग्रामसभेला पेसा कायद्याने अधिकार आहेत. गावाच्या पाण्यावर, वाटेवर, जंगलावर परिणाम होणारा मोठा प्रकल्प ग्रामसभेत मांडूनच करावा.

बिगर-आदिवासी शेतकऱ्यांनीही करारात निदान या पाच गोष्टी लिहून घ्याव्यात: मुदत, पक्के बांधकाम आणि मुरूम यांना मनाई, सांडपाण्याची जबाबदारी, जागा पूर्ववत करून देण्यासाठी अनामत रक्कम, आणि जूनअखेर जागा रिकामी करण्याची अट.

स्वतः व्यवसाय करायचा असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी किमान एक एकर शेती असावी लागते. नोंदणी असेल तर बँकेकडे कर्ज मागणे सोपे जाते. जेवण देत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावी. पाहुण्यांची ओळखपत्रांसह नोंदवही ठेवावी. पक्के बांधकाम करण्यापूर्वी बिनशेती परवानगीची गरज आहे का, हे तलाठ्यामार्फत तपासावे.

गाव मिळून केले तर

याच तालुक्यातील पुरुषवाडीत २००६ च्या सुमारास गावाने मिळून पर्यटन सुरू केले. पाहुण्यांचे जेवण गावातील घरांत असते आणि काम घरांमध्ये वाटले जाते. छोट्या शेतकऱ्यासाठी ही पद्धत सोयीची आहे. एका घरात आवणी असेल त्या आठवड्यात दुसरे घर पाहुणे घेते. दर गावाचा एकच असल्याने आपसात दर पाडले जात नाहीत. दिवे बंद ठेवण्याचा नियमही गावानेच केला तर शेजारच्या झगमगाटाने तुमचे काजवे जात नाहीत.

ताटात काय वाढायचे याचे उत्तरही तालुक्यातच आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. नागलीची भाकरी, वालाची आमटी, वरईचा भात, खुरासणीची चटणी आणि परसातली भाजी हे जेवण शहरात सहज मिळत नाही. बाहेरून पनीर आणून वाढण्यापेक्षा हे स्वस्तही पडते. परसबागेत वाल, घेवडा, काकडी, भोपळ्याचे गावरान वेल हंगामाच्या आधी लावून ठेवावेत.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- जागा दाखवताना शेतकऱ्याबरोबर शेतावर फिरून खाचर, वरकस आणि पडीक यांचा साधा नकाशा काढावा.
- तंबू आधीपासून असतील तर मेमध्ये गजाची चाचणी करून दबलेला भाग दाखवावा.
- वरील हिशेब घरातील बाईमाणसांसमोर करावा. पाहुण्यांचे काम बहुतेक त्यांच्यावरच पडते आणि आवणीही त्याच करतात. त्यांची मजुरी हिशेबात लिहावी.
- भाडेकरार आधीच झाला असेल तर त्याची प्रत वाचून मुदत आणि परवानगी तपासायला मदत करावी.

भंडारदऱ्याचे धरण आपल्या डोंगरात झाले, पण त्याच्या कालव्यांचे बहुतेक पाणी खालच्या तालुक्यांच्या शेतीला गेले. तेव्हा निर्णय आपल्या हातात नव्हता. तंबूचा निर्णय मात्र तुमच्या सातबाऱ्यावर आणि तुमच्या सहीवर अवलंबून आहे. या हंगामात कोणी जागा मागायला आले तर आधी गज घेऊन खाचर दाखवा, वेळापत्रक समोर ठेवा आणि हिशेब घरात करा. उत्तर त्यानंतर द्यावे.